दोष, आरोप आणि क्षमा : मराठी अध्यात्मवाङ्मयातील एका विचाराची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

क्षमा हा विषय नीतिशास्त्राच्या किंवा धर्मशास्त्राच्या कक्षेत पडतो, भाषाशास्त्राशी त्याचा फारसा संबंध नाही, अशी सामान्यतः समजूत आहे. परंतु दुसऱ्यास दोष देणे ही मुख्यतः वाणीने घडणारी क्रिया होय. ज्या अर्थी दोष वाक्यातून दिला जातो, त्या अर्थी तो सोडून देण्याची क्रियाही कोठेतरी वाक्याच्या रचनेतच घडून येत असली पाहिजे. मराठी संतांनी आणि निरूपणकारांनी निर्मळ दृष्टी, क्षमा व दोषत्याग यांविषयी जे सांगितले आहे, ते कोणत्या शब्दांच्या व कोणत्या वाक्यरचनांच्या आधारे सांगितले आहे, हे पाहिल्यास त्या शिकवणीचा आशय आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

या प्रश्नास नवी मुंबईतील खारघरच्या संदर्भात एक वेगळीच निकड प्राप्त झाली आहे. पनवेल तालुक्यातील, रायगड जिल्ह्यात मोडणारे हे ठिकाण सिडकोने वसविलेल्या नगराचा एक भाग असून २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते. येथेच १५ जानेवारी २०२५ रोजी इस्कॉनच्या राधा मदनमोहन मंदिराचे उद्घाटन झाले. श्रीमद्भागवत हा या संप्रदायाचा मुख्य ग्रंथ. येथेच त्यापूर्वी, १६ एप्रिल २०२३ रोजी, आप्पासाहेब धर्माधिकारी यांस महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा शासकीय समारंभ एका विस्तीर्ण मैदानावर भरला होता. त्यांचे वडील नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली समर्थ रामदासांच्या दासबोधाचे निरूपण सुरू केले व त्यातून बैठकींची एक मोठी परंपरा निर्माण झाली. या परंपरेतील लाखो श्रोते त्या दिवशी उन्हात उघड्यावर बसले होते. त्यांपैकी चौदा जणांना उष्माघाताने प्राण गमवावे लागले.

त्यानंतरच्या दिवसांत वृत्तपत्रांतून व विधिमंडळाच्या आवारातून ‘जबाबदार कोण’, ‘ठपका’, ‘खापर’, ‘चौकशी’ हे शब्द वारंवार ऐकू आले. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या घरी मृत्यू आला त्यांपैकी अनेक घरांत परदोष न पाहण्याची शिकवण वर्षानुवर्षे श्रवण केली गेली होती. अशा प्रसंगी एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. दोष देऊ नये ही शिकवण आणि काय घडले ते उघड झाले पाहिजे ही मागणी, यांत परस्परविरोध आहे काय? की दोन्हींसाठी एकच शब्द वापरला गेल्याने विरोधाचा भास होतो?

२. दोष ‘ठेवण्या’ची क्रियापदे

मराठीत दोषारोपाच्या क्रियेसाठी जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतील क्रियापदे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. दोष ‘देतात’ किंवा ‘ठेवतात’, बोल ‘लावतात’, ठपका ‘ठेवतात’, आळ ‘घेतात’ किंवा ‘घालतात’, खापर ‘फोडतात’, नावे ‘ठेवतात’. या सर्वांत एक समान कल्पना आहे. दोष ही वस्तू ज्याच्यावर ती ठेवली जाते त्याच्या ठिकाणी मुळात नसून ती बाहेरून कोणीतरी आणून तेथे मांडीत असते. ‘त्याच्यात दोष आहे’ आणि ‘त्याच्यावर दोष ठेवला’ ही दोन वाक्ये मराठीभाषकास कधीही एकरूप वाटत नाहीत. पहिले वाक्य वर्णन आहे, दुसरे वाक्य एका कृतीची नोंद आहे, आणि त्या कृतीचा कर्ता दोषी मनुष्य नसून बोलणारा आहे.

यांपैकी दोन वाक्प्रचार विशेष अर्थपूर्ण आहेत. ‘बोल लावणे’ यात दोषासाठी ‘बोल’ हाच शब्द योजला आहे. म्हणजे भाषेने येथे दोषाचे द्रव्य शब्द हेच मानले आहे. ‘नावे ठेवणे’ हा वाक्प्रचार त्याहूनही सूक्ष्म आहे. एखादा मनुष्य एका प्रसंगी खोटे बोलला, हे क्रियापदाने सांगता येते. त्या वाक्यास काळ असतो, स्थळ असते, आणि प्रसंग संपला की क्रियाही संपते. परंतु त्यालाच ‘खोटारडा’ म्हटले की क्रियापदाच्या जागी नाम येते. नामास काळ नसतो. एका दुपारी घडलेली गोष्ट त्या मनुष्याची कायमची ओळख होऊन बसते. दोष देण्याच्या व्यापारात भाषिक दृष्टीने जे मुख्यतः घडते ते हेच : घटनेचे रूपांतर स्वभावात आणि क्रियेचे रूपांतर संज्ञेत होते.

या पार्श्वभूमीवर दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे व पढतमूर्खलक्षणे हे समास वाचले असता वरवर एक विसंगती दिसते. परदोष पाहू नयेत असे शिकविणारे समर्थ स्वतः मात्र एकामागून एक लक्षण देऊन मूर्ख ही संज्ञा लावीत जातात! परंतु रचना बारकाईने पाहिल्यास असे दिसून येते की समर्थ कोणाही व्यक्तीचे नाव घेत नाहीत. ते प्रथम वर्तन सांगतात व नंतर जो असे वर्तेल तो मूर्ख, असे म्हणतात. संबंधी सर्वनामाच्या या रचनेत ‘तो’ची जागा मोकळी राहते, आणि ती भरण्याचे काम श्रोत्याकडे येते. जो दोष आपण दुसऱ्यावर ठेवितो तोच आपल्या ठिकाणी आहे हे ज्यास उमगत नाही, त्याचीही गणना याच दशकात झाली आहे. लक्षणे सांगितली जातात ती त्यागासाठी. ती शेजाऱ्यावर लावून पाहण्याचे माप नव्हे. बैठकीत शेजारी शेजारी बसून हे ऐकणाऱ्या श्रोत्यांपैकी प्रत्येकाने मोकळी जागा स्वतःच्या नावाने भरावी, अशी ही योजना आहे.

३. आरोप व अपवाद : दोन शब्दांचा प्रवास

आज ‘आरोप’ हा शब्द उच्चारताच न्यायालय, विरोधी पक्ष किंवा पोलीस ठाणे डोळ्यांपुढे येते. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ‘वर ठेवणे, रोवणे’ असा आहे. रोप, रोपणे, वृक्षारोपण या शब्दांत तोच धातू आहे. अलंकारशास्त्रात मुखावर चंद्राचा आरोप केला म्हणजे रूपक होते. वेदान्तात दोरीवर सर्पाचा आरोप केला म्हणजे भ्रम होतो. एका ठिकाणी पाहिलेल्या गोष्टीची आठवण दुसऱ्याच ठिकाणी लादली जाऊन तेथे ती प्रत्यक्ष दिसू लागणे, यास शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास म्हटले आहे. त्याच प्रक्रियेचा शास्त्रीय पर्याय अध्यारोप हा होय.

या अर्थी पाहता ‘आरोप’ शब्दाचा आजचा अर्थ हा मूळ अर्थाहून तुटून पडलेला नाही. दोषारोपात देखील पूर्वी कोठेतरी अनुभवलेल्या अपमानाची, भीतीची किंवा हानीची स्मृती समोरच्या मनुष्यावर रोवली जाते व मग तो मनुष्य तसाच दिसू लागतो. अंधुक उजेडात पाय अडखळला की दोरीचा साप होतो. दुखावलेल्या मनाला शेजाऱ्याच्या साध्या प्रश्नात टोमणा ऐकू येतो. दोन्हींत दृष्टीचा व्यापार एकच आहे.

याच्या उलट क्रियेस वेदान्तात ‘अपवाद’ अशी संज्ञा आहे. अध्यारोपाने जे लादले ते काढून घेणे, म्हणजे साप नाही, दोरीच आहे असे निश्चित करणे, हा अपवाद. व्याकरणात हाच शब्द सामान्य नियमास बाध आणणाऱ्या विशेष नियमासाठी येतो व मराठीत तोच अर्थ रूढ आहे. परंतु संस्कृतात अपवादाचा निंदा असाही एक अर्थ आहे. ‘लोकापवाद’ या समासात तो मराठीनेही जतन केला आहे. म्हणजे एकच शब्द एका परंपरेत निंदा आणि दुसऱ्या परंपरेत निंदेच्या मुळाशी असलेल्या भ्रमाचे निरसन, असे दोन टोकांचे अर्थ वाहतो. उपसर्ग व धातू तेच. ‘काढून घेणे’ काय, एवढाच फरक. निंदेत मनुष्याची प्रतिष्ठा काढून घेतली जाते, विवेकात त्याच्यावर लादलेली आकृती काढून घेतली जाते.

‘विवेक’ शब्दातील ‘विच्’ धातूचा अर्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. धान्य निवडताना खडा फेकावयाचा असतो, परंतु त्यासाठी प्रथम तो दिसावा लागतो. समर्थांच्या शिकवणीत विवेकास जे स्थान आहे ते ध्यानी घेता, दोष न पाहणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे उघड आहे. काय घडले ते स्पष्ट दिसणे आणि त्यावर आपण काय लादले तेही स्पष्ट दिसणे, या दोहोंस मिळून निर्मळ दृष्टी म्हणावयाचे.

४. भिक्षुगीत : एका वाक्याची तपासणी

दोषत्यागाचा विचार मराठीत सर्वांत पद्धतशीरपणे आला आहे तो एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायात. भागवताच्या एकादश स्कंधातील उद्धवगीतेत श्रीकृष्णाने उद्धवास सांगितलेली ही कथा नाथांनी ओवीबद्ध टीकेच्या रूपाने विस्तारली. हा ग्रंथ शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ साली काशीस पूर्ण झाला. कथा थोडक्यात अशी. अवंती देशात एक धनाढ्य पण अत्यंत कृपण ब्राह्मण होता. काही धन आप्तांनी घेतले, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने नेले. धन गेल्यावर स्वजनांनी त्याची उपेक्षा केली. तीव्र अनुतापाने तो संन्यासी झाला व भिक्षा मागू लागला. तेव्हा लोकांनी त्याची नाना प्रकारे विटंबना केली. त्याचा दंड व कमंडलू हिरावले, त्याचे अन्न विटाळले, त्यास बांधून घातले. हे सर्व सोशीत असता त्याने जे चिंतन केले ते भिक्षुगीत.

या चिंतनाचे वैशिष्ट्य असे की त्यात भावनेचा उमाळा फार थोडा आहे. ‘अमुकाने मला दुःख दिले’ या वाक्यातील कर्त्याच्या जागी जे जे ठेवता येईल ते ते भिक्षू क्रमाने ठेवून पाहतो. लोक, देवता, स्वतः आत्मा, ग्रह, कर्म आणि काळ असे सहा कर्ते तो तपासतो. लोक कर्ते म्हणावेत, तर मारणारा देह व मार खाणारा देह दोन्ही एकाच मातीचे. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर कोणावर रागवावे? देवता म्हणाव्यात, तर त्या इंद्रियांच्या अधिष्ठात्या. आपल्याच एका अवयवाने दुसऱ्यास इजा केली असा तो प्रकार. आत्मा म्हणावा, तर आत्म्याहून दुसरे काही नाही, मग दुःख देणारा व घेणारा असे दोन कोठून आणावेत? ग्रहांची बाधा जन्मलेल्या देहास, कर्म जड देहाशी निगडित, काळ आत्म्याशी अभिन्न. ज्वाळेस ज्वाळा जाळीत नाही, हिमास हिमाची थंडी वाजत नाही. अशा रीतीने एकेक कर्ता रद्द झाल्यावर शेवटी मन उरते. संसारचक्र फिरविणारे तेच, असा निष्कर्ष निघतो.

व्याकरणाच्या परिभाषेत असे म्हणता येईल की भिक्षू येथे सकर्मक वाक्याचे अकर्मक वाक्यात रूपांतर करीत आहे. मराठीत यासाठी सुटसुटीत जोड्या आहेत : फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे. ‘काच फुटली’ यात केवळ घटना आहे. ‘त्याने काच फोडली’ यात ‘ने’ प्रत्ययाने कर्ता आला, आणि कर्त्याबरोबर हेतूचा संशयही आला. पुष्कळदा प्रत्यक्ष दिसलेली असते ती फुटलेली काच. फोडणारा व त्याचा हेतू हे अनुमान असते. परंतु मनाच्या वेगापुढे हे अनुमान प्रत्यक्षातच मिसळून जाते. आपल्या हातून असेच घडले की मात्र मराठीभाषक ‘मी चूक केली’ असे न म्हणता ‘माझ्या हातून चूक झाली’ असे म्हणतो! स्वतःसाठी अकर्मक आणि दुसऱ्यासाठी सकर्मक, हा पक्षपात भाषेने केलेला नाही. भाषेने दोन्ही रचना दोघांसाठी उपलब्ध ठेवल्या आहेत. निवड बोलणाऱ्याची असते. भिक्षुगीताची शिकवण या निवडीपुरती सांगावयाची तर ती अशी : जी रचना स्वतःस लावतोस ती दुसऱ्यासही लावून पाहा.

याच जोड्यांपैकी एक जोडी येथे विशेष प्रस्तुत आहे. सुटणे–सोडणे. मराठीत जो ‘सोडतो’ तोच ‘सुटतो’ असे पुष्कळ ठिकाणी अनुभवास येते. हट्ट सोडला की मनुष्य हट्टातून सुटतो. दोष देणे सोडल्याने ज्याचा दोष सोडला तो मनुष्य सुटेलच असे नाही, परंतु सोडणारा निश्चित सुटतो. अध्यात्मवाङ्मयातील क्षमेचा भर या दुसऱ्या सुटकेवर आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

५. क्षमा, माफी आणि ‘पोटात घालणे’

‘क्षमा’ आणि ‘माफी’ हे शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांचे कुळ मात्र भिन्न आहे. ‘क्षम्’ धातूचा अर्थ सोसणे, समर्थ असणे असा आहे. सक्षम, कार्यक्षम हे शब्द त्याच धातूचे. पृथ्वीसही क्षमा हे नाव आहे, कारण ती सर्व भार सोसते. तेव्हा ‘क्षमा’ या शब्दात अपराध्याविषयी काहीच सांगितलेले नाही; क्षमा करणाऱ्याच्या सामर्थ्याविषयी सांगितले आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत ‘क्षान्ति’ आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत ‘क्षमा’ येते. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत या लक्षणांचे जे विस्तृत विवरण आहे त्यात हा सोशिकपणाचा, व्यापकतेचा अर्थच प्रधान आहे. पालीतील ‘खन्ति’ हा याच शब्दाचा भाऊ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रात पारमितांचे विवरण करताना द्वेषास द्वेषाने उत्तर न देणे हे तिचे सार मानले आहे.

‘माफ’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळात पुसून टाकणे, मोकळे करणे हा त्याचा अर्थ. शेतसारा माफ होतो, शिक्षा माफ होते, कर्जमाफी होते. येथे देणे असते व ते काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे तरी असतो. तात्पर्य, माफी ही सत्तेची किंवा हिशेबाची क्रिया आहे, क्षमा ही मनाच्या बळाची. माफी न देताही क्षमा करता येते, आणि क्षमा न करता माफी दिल्याची उदाहरणेही व्यवहारात विपुल आहेत.

या दोहोंखेरीज मराठीचा खास असा एक वाक्प्रचार आहे : अपराध ‘पोटात घालणे’. याच्या शेजारी ‘डोळ्याआड करणे’ व ‘कानाडोळा करणे’ हे वाक्प्रचार ठेवले म्हणजे अर्थच्छटा स्पष्ट होते. डोळ्याआड केलेली वस्तू पाहिली जात नाही. पोटात घातलेली वस्तू मात्र प्रथम हातात घ्यावी लागते, तोंडात घालावी लागते, पचवावी लागते. पहिल्या क्रियेत अपराधाचे ज्ञान टाळले जाते. दुसरीत ते पूर्णपणे झालेले असून त्याचे विष उरत नाही. मराठी अध्यात्मवाङ्मयातील क्षमा ही पोटात घालण्याच्या जातीची आहे, कानाडोळ्याच्या जातीची नव्हे. परंपरेने मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. लोकांच्या निंदेने उद्विग्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने निंदा झालीच नाही असे म्हटले नाही. जगाचा राग सोसून दार उघडावे, असा तिचा आग्रह होता. जग जसे आहे तसे दिसत असताना दार उघडे ठेवणे, हीच येथे क्षमा.

६. पुरुषविचार : हे वाक्य कोणी, कोणास म्हणावे?

येथवरच्या विवेचनातून एक धोका संभवतो. दुःखाचे कारण मन होय, लोक नव्हेत, हा भिक्षूचा निष्कर्ष घेऊन कोणी दुःखितासच उपदेश करू लागला तर? हा धोका काल्पनिक नाही. सासरी छळ सोसणाऱ्या सुनेस, जातीच्या नावाने अपमानिल्या गेलेल्या मनुष्यास, मजुरी बुडविल्या गेलेल्या कामगारास मनाच्या शांतीचे पाठ सांगण्याची रीत समाजात जुनीच आहे.

या ठिकाणी व्याकरणातील पुरुषविचार उपयोगी पडतो. भिक्षुगीत आरंभापासून अखेरपर्यंत प्रथमपुरुषी आहे. ‘माझ्या दुःखाचे कारण माझे मन’ हे वाक्य भिक्षू स्वतःविषयी, स्वतःस उद्देशून उच्चारतो. तेच वाक्य द्वितीयपुरुषात ठेवले, ‘तुझ्या दुःखाचे कारण तुझे मन’, की शब्द तेच राहूनही वाक्याची जात पालटते. प्रथमपुरुषात जो विवेक होता तो द्वितीयपुरुषात आरोप होतो. बांधून घालणाऱ्यांपैकी एकाने हे वाक्य भिक्षूस ऐकविले असते, तर ती विटंबनेचीच आणखी एक रीत झाली असती. काही विधाने अशी असतात की ती विशिष्ट पुरुषातच सत्य असतात. दोषत्यागाची विधाने या वर्गातील आहेत.

मराठी परंपरेने ही मर्यादा जागोजाग पाळलेली दिसते. समर्थांच्या मनाच्या श्लोकांत संबोधन सतत ‘मना’ असे आहे. उपदेश द्वितीयपुरुषी दिसला तरी तो ‘तू’ म्हणजे बोलणाऱ्याचेच मन. जैन समाजात पर्युषणाच्या अखेरीस परस्परांस जे ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतात, त्यातील ‘मि’ म्हणजे संस्कृत ‘मे’, माझे. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असे ते वाक्य आहे. समोरच्याचे दुष्कृत त्या वाक्यात कोठेही नाही. याउलट निंदेस नेहमी तीन पक्ष लागतात. गीतेतील ‘अपैशुन’ या गुणाचे स्पष्टीकरण करताना शंकराचार्यांनी पैशुन म्हणजे दुसऱ्याची छिद्रे तिसऱ्यापाशी उघडी करणे, असे सांगितले आहे. क्षमा एका पुरुषात पुरी होते. चहाडीस तिन्ही पुरुष लागतात.

यावरून निष्पन्न होणारा नियम असा की क्षमा करण्याचा अधिकार ज्यास इजा झाली त्याचा, आणि ती मागण्याचा अधिकार ज्याच्याकडून इजा झाली त्याचा. तिसऱ्याने ती देऊ नये. आणि दुखावलेल्याकडून ती वसूल तर कोणीच करू नये.

७. चौकशी आणि दोष

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. खारघरच्या दुर्घटनेनंतर राज्य शासनाने एकसदस्य समिती नेमली. ‘चौकशी’ आणि ‘दोषारोप’ हे शब्द सार्वजनिक बोलण्यात जोडीने येत असले तरी त्यांचे प्रश्न भिन्न आहेत. चौकशी विचारते : वेळ कोणती ठरली, सावली कोठे होती, पाणी कोठवर पोहोचत होते, माणसे बाहेर कशी पडत होती. दोषारोप विचारतो : वाईट कोण? पहिल्या प्रश्नांची उत्तरे क्रियापदांत येतात, दुसऱ्याचे उत्तर नामात. पहिल्यांतून पुढच्या उन्हाळ्यातील माणसे वाचू शकतात. दुसऱ्यातून बहुधा दोन पक्ष तयार होतात, व ते एकमेकांवर खापर फोडीत असता सावलीचा आणि पाण्याचा प्रश्न बाजूस पडतो. या दृष्टीने पाहता दोषत्यागाची शिकवण चौकशीच्या आड येत नाही, किंबहुना निर्मळ चौकशीची ती पूर्वअट ठरते. ज्यास कोणावर तरी रोष काढावयाचा आहे त्यास घटनेचा क्रम नीट दिसत नाही. ज्यास कोणाला तरी वाचवावयाचे आहे त्यासही तो दिसत नाही.

एकनाथांच्या चरित्रात या दोन्ही वृत्तींचा मेळ दिसून येतो. गोदावरीवरून स्नान करून येताना अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावणारे नाथ कथापरंपरेतून घरोघर ठाऊक आहेत. परंतु त्याच परंपरेत दुसरीही कथा आहे. गुरू जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा फरक पडला, तो सापडेपर्यंत नाथ रात्रभर वह्या तपाशीत बसले. चूक शोधण्यातील ही चिकाटी आणि चुकणाऱ्याविषयीची ती शांती एकाच पुरुषाची आहे. या दोन्हींचे प्रत्यक्ष फळ म्हणजे नाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे संशोधन. नकला होत होत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा व्यापार परिचित आहे : पाठदोष दाखवावयाचा, तो कसा शिरला असेल याची उपपत्ती द्यावयाची, शुद्ध पाठ ठरवावयाचा. लेखनिकास शिव्या देण्याची जागा या पद्धतीत कोठेही नाही. तो थकला असेल, दिवा मंद असेल, समोरची प्रतच सदोष असेल. दोष आहे, तो नेमका दिसला आहे, तो दुरुस्त झाला आहे. केवळ तो कोणावर ‘ठेवलेला’ नाही.

शासनव्यवहारात क्षमा व न्याय यांचे क्षेत्र वेगवेगळे ठेवण्याचे एक ठळक उदाहरण विनोबा भावे यांच्या चरित्रात सापडते. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे, म्हणजे खारघर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात झाला. मनुष्याचे गुण हे घराच्या दारांसारखे आणि दोष भिंतींसारखे आहेत, आत जावयाचे तर दाराने जावे, भिंतीवर डोके आपटू नये, या आशयाचा दृष्टान्त ते देत. दृष्टान्तात भिंत नाकारलेली नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. ती दिसते म्हणूनच दार शोधले जाते. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात सुमारे वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांस जवळ केले. परंतु खटले न्यायालयात चालावयाचे ते चालले. जवळ करणे हे क्षमेचे काम, खटला हे राज्याचे काम. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

म्हणून खारघरच्या मैदानावर ज्यांनी आपले माणूस गमावले, त्यांपैकी कोणी मनोमन सर्व सोडून दिले असेल तर ते त्यांचे बळ होय, आणि कोणास ते जमले नसेल तर तो त्यांचा दोष नव्हे. परंतु त्यांनी सोडले म्हणून प्रश्न सुटले, असा अर्थ इतर कोणी काढणे हा ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ यांतील गोंधळ आहे. सोडणारा सुटतो, प्रश्न मात्र सोडविल्याशिवाय सुटत नाही.

८. समारोप

सारांश, मराठी अध्यात्मवाङ्मयातील दोषत्यागाचा विचार तीन भाषिक क्रियांत मांडता येतो. पहिली, नामाकडून क्रियापदाकडे परतणे, म्हणजे मनुष्यास नाव न ठेवता घडलेली गोष्ट सांगणे. दुसरी, आरोपाचा अपवाद करणे, म्हणजे दिसलेले आणि लादलेले यांची निवड करणे. तिसरी, पुरुषाची मर्यादा पाळणे, म्हणजे क्षमेचा उपदेश प्रथमपुरुषातच ठेवणे. या तिन्हींत सत्य झाकण्याचा उपदेश कोठेही नाही.

जुन्या हिशेबांच्या व पत्रांच्या अखेरीस मराठी माणूस ‘चु. भू. द्या. घ्या.’ अशी चार अक्षरे लिहीत असे. चूकभूल द्यावी घ्यावी, हे त्यांचे पूर्ण रूप. येथे ‘द्यावी घ्यावी’ याचा अर्थ चूक विसरावी असा नाही. कमी पडले असल्यास मागून घ्यावे, जास्त आले असल्यास परत द्यावे, असा आहे. म्हणजे हिशेब उघडा आहे, चूक निघू शकते हे मान्य आहे, ती दाखविण्याचा अधिकार दुसऱ्यास दिलेला आहे, आणि ती निघाल्यास उभयतांच्या संबंधास बाध येऊ नये अशी अपेक्षाही आहे. स्पष्ट दृष्टी आणि क्षमा यांचा जो मेळ नाथांनी व समर्थांनी विस्ताराने सांगितला, तो वाण्याच्या वहीतही पोहोचला होता, याची ही चार अक्षरे साक्ष आहेत.